कुठे दुखतं, तुमच्या शब्दांत

माझ्या भावाने एक बटण दाबलं. त्याला तो आजही ‘छोटासा बदल’ म्हणतो, आणि तो तसं म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी मुळातच तापट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लोक माझा राग फारसा मनावर घेत नाहीत. हा मात्र घ्यावा अशी माझी इच्छा आहे.

आमचं दुकान बुटांचं आहे. काचेत मांडून ठेवायच्या बुटांचं नाही. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत बसत नाहीत त्यांच्यासाठी बाबा बूट करतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. पुढच्या खोलीत एक बाक, जमिनीला टेकवून ठेवलेला आरसा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचे लाकडी साचे, जोडी जोडी दोरीने बांधलेली. मागच्या खोलीत बाबा बसतात. बुटाचा वरचा भाग मी मशीनवर शिवते, तळ बाबा हाताने बसवतात. त्यांना पंचाहत्तरावं लागलंय आणि हात अजून थरथरत नाही.

बाबांची एक पद्धत आहे. नुसत्या मापावर ते चामडं कापायची रापी हातात घेत नाहीत. “फुटपट्टीला दुखत नाही,” असं ते म्हणतात. गिऱ्हाइकाने आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तेही तीनदा. पहिल्यांदा माणूस डॉक्टरने सांगितलेलं बोलतो, दुसऱ्यांदा घरच्यांनी सांगितलेलं, आणि तिसऱ्यांदा कंटाळून खरं बोलतो, असा त्यांचा हिशेब. लहानपणी आम्हा दोघा भावंडांना या तीन वेळांची फार गंमत वाटायची. आम्ही दाराआडून ओठ हलवत गिऱ्हाइकांची नक्कल करायचो.

चार वर्षांपूर्वी दुकान ऑनलाइन केलं तेव्हा मी एकाच गोष्टीसाठी हटून बसले होते. मापांच्या रकान्यांखाली एक मोठा चौकोन हवा. त्यावर लिहिलं, ‘कुठे दुखतं, कसं दुखतं, तुमच्या शब्दांत लिहा.’ साइट बनवणारा म्हणाला, एवढा मोठा चौकोन कशाला, लोक दोन शब्द लिहितील. लोकांनी पानं भरली. एका स्वयंपाक्याने लिहिलं, ‘संध्याकाळी पाचनंतर डावी टाच माझी राहत नाही.’ एकीने लिहिलं, ‘चढताना काही नाही, उतरताना जीव जातो, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.’ मी ते कागदावर छापून घ्यायची आणि बाबांना वाचून दाखवायची, कारण बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही. तीनदा वाचायची. तिसऱ्यांदा वाचून झालं की ते हात पुढे करायचे, म्हणजे रापी दे.

मग माझा भाऊ दुकानात आला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आधी एका मोठ्या कंपनीत होता, तिथून कंटाळून बाहेर पडला की त्यांनी बाहेर काढला, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी त्याला साहेब म्हणते. पहिल्या महिन्यात साहेबांनी दोन गल्ल्या पलीकडे पॅकिंगसाठी एक खोली घेतली. बूट इथे तयार व्हायचे, तिथे जाऊन खोक्यात बसायचे. तिथे एक मशीन होतं, ते पत्ते छापायचं, पावत्या छापायचं, आणि कुणी कुणाला भेट पाठवत असेल तर छोटं कार्डही छापायचं. बूट भेट कोण देतो, असं मी विचारलं होतं. तो नुसता हसला होता.

तो छोटासा बदल त्याने एका दुपारी माझ्या मशीनशेजारी बसून केला. लॅपटॉप मांडीवर, चहाचा कप माझ्या अस्तराच्या गठ्ठ्यावर.

“ताई, दुकानाची डीफॉल्ट भाषा इंग्रजी केली,” तो म्हणाला.

“म्हणजे काय केलंस?”

“म्हणजे पान उघडलं की आधी इंग्रजी दिसणार. बाहेरची गिऱ्हाइकं येतात, त्यांना वाटतं काहीतरी गावठी आहे. आता कसं नीट दिसतंय बघ.”

“आणि आपली गिऱ्हाइकं?”

“खाली कोपऱ्यात पृथ्वीचं गोल चित्र आहे. त्याच्यावर दाबलं की आपली भाषा.”

मी ते चित्र शोधलं. पानाच्या अगदी तळाला, राखाडीवर राखाडी, मुगाच्या दाण्याएवढं. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या लोकांना चष्मा लागतो आणि उरलेल्या निम्म्यांना वाकता येत नाही, असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, “पान बघायला वाकावं लागत नाही, ताई.” अशी उत्तरं त्याला पटापट सुचतात. मी कप उचलून जमिनीवर ठेवला आणि मशीन चालू केलं. तिथेच भांडायला हवं होतं, पण त्या दिवशी मला एक शिवण पुरी करायची होती.

त्यानंतर मागच्या खोलीत येणाऱ्या ऑर्डरींच्या कागदांवर नुसते आकडे यायला लागले. लांबी, रुंदी, घोट्याचा घेर. चौकोन रिकामा. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, “कुणालाच दुखत नाही का आता?”

भाऊ म्हणाला, “नवीन लोक मोजकं लिहितात, बाबा. कुणाला वेळ आहे?”

“ही मापं तर जुन्या लोकांची आहेत.”

“जुन्यांनाही नसतो वेळ.”

बाबांनी काम थांबवलं. कागद एकावर एक रचत गेले, वर लोखंडी वजन ठेवलं. भाऊ रोज येऊन ते वजन उचलायचा, कागद बघायचा आणि परत ठेवायचा. बाबांना मात्र वेगळीच शंका खात होती. त्यांना वाटलं, आपला हात बिघडलाय. मागचे बूट लोकांना लागले नसतील, म्हणून ते रागाने बोलेनासे झालेत. एका सकाळी मी आले तर ते फळीवरून जुने साचे काढून एकेकावर बोट फिरवत होते, कुठे चुकलं ते शोधत. माझ्या बापाला माझ्या भावाने हे करायला लावलं.

आणि मी काय केलं, तेही सांगते. एका कागदावर कंडक्टरबाईंचा नंबर होता. बसवर तीस वर्षं उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या बाई. त्यांचे बूट बाबा अकरा वर्षं करत होते, आणि त्या चौकोनात कधीही आठ ओळींच्या खाली आल्या नव्हत्या. त्यांचा चौकोन रिकामा बघून बाबा मला म्हणाले, “फोन करून विचार एकदा.”

मी म्हणाले, “ज्याने हे सुरू केलं त्याला सांगा फोन करायला.”

मला भावाला धडा शिकवायचा होता. बाबांनी भावाला विचारलं, “बाईंनी खरंच काही लिहिलं नाही?” भाऊ फोनमधून मान वर न करता म्हणाला, “नाही.” त्याने बघितलं नव्हतं. त्याला बघायची गरज वाटली नव्हती. ऑर्डरीवर सोमवारच्या आतली तारीख आहे, उशीर झाला तर त्या दुसरीकडे जातील, असं मात्र त्याने दोनदा बजावलं.

त्या दिवशी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या आकड्यांवर चामडं कापलं. फळीवरून बाईंचा जुना साचा काढला, मी वरचा भाग शिवला, नेहमीसारखी अंगठ्यावरून आडवी शिवण घेतली. काम सुरेख झालं. ते जास्त लागतं आता.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी कंडक्टरबाई स्वतः दुकानात आल्या. उजव्या पायात आमचा बूट होता, डाव्या पायाला जाड पट्टी आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. डावा बूट हातात. त्या बाकावर बसल्या, बूट शेजारी ठेवला आणि पर्समधून एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

“हे काय आहे ते मला जरा समजावून सांगा,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तीस वर्षं बसमध्ये ओरडलेल्या बाईचा आवाज इतका खाली येतो तेव्हा भीती वाटते.

कार्ड गुलाबी होतं. कडेने फुलांची वेल, वर रिबिनीचा बो. मध्ये सुबक, तिरक्या अक्षरांत छापलेलं:

‘काका, डाव्या पायाचा अंगठा काढलाय. दीड महिना झाला. मापं जुनीच टाकते कारण नवीन कशी घ्यायची कळत नाही. आत अंगठा नाही हे लक्षात ठेवा. शिवण तिथून नेऊ नका. त्या जागी मला आता काहीच कळत नाही, टोचलं तरी नाही, रक्त आलं तरी नाही. म्हणून तुम्हीच बघा. सोमवारी ड्यूटी आहे.’

मी ते मोठ्याने वाचलं आणि मला आधी काही समजेचना.

“माझं दुखणं मला भेट म्हणून पाठवलंत,” बाई म्हणाल्या. “फुलं छापून.”

“तुम्ही हे कुठे लिहिलं होतंत?”

“तुमच्याच पानावर. आधी चौकोन होता तो गेला. सगळं इंग्रजीत. आमच्या शेजारणीचा मुलगा बाहेरगावी, विचारणार कुणाला? लिहायला जागा अशी एकच दिसली, वर बो काढलेला होता. मला वाटलं, तुम्ही चौकोन नटवलाय.”

हे हसण्यासारखं वाक्य होतं. कुणी हसलं नाही.

सोमवारी त्यांनी आमचे बूट घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ड्यूटी केली. अंगठ्याची जागा पोकळ, त्यामुळे ब्रेक लागला की पाय पुढे सरकायचा आणि माझी आडवी शिवण बरोबर टाक्यांच्या जागी घासायची. दुखत नव्हतंच, त्यामुळे त्यांना कळलं नाही. मंगळवारी एक प्रवासी म्हणाला, बाई, पायाखाली बघा. तेव्हा त्यांनी पाहिलं.

बाबा केव्हा दारात येऊन उभे राहिले होते मला माहीत नाही. ते म्हणाले, “परत वाच.”

मी वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग ते गुडघे धरत खाली बसले आणि बाईंच्या पायावरची पिशवी स्वतः सोडायला लागले. बाई म्हणाल्या, “राहू द्या काका, ड्रेसिंग झालंय.” तरी ते बसूनच राहिले. “मी कापायला नको होतं,” एवढंच ते म्हणाले.

मी कार्ड घेतलं आणि पॅकिंगच्या खोलीवर गेले. दोन गल्ल्या. मी पळाले नाही, पण वाटेत कुणी हाक मारली असती तर त्याचं काही खरं नव्हतं. भाऊ खुर्चीत रेलून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मी फोन त्याच्या हातातून घेतला, बंद केला आणि कार्ड त्याच्या कीबोर्डवर ठेवलं.

त्याने वाचलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण तोंडातून निघालं ते असं, “मी तो चौकोन काढला नाही, ताई. त्याचं इंग्रजी भाषांतर नव्हतं ना, म्हणून डीफॉल्ट बदलल्यावर तो आपोआप गेला.”

“आणि कार्ड?”

“ते भेटीच्या संदेशाच्या जागी लिहिलंय. तिथलं मशीन आपोआप छापतं.”

“आणि खोक्यात?”

“पॅकिंगवाले टाकतात. ते काही वाचत नाहीत.”

“आणि बाबांनी विचारलं तेव्हा तुझं ‘नाही’? तेही आपोआप निघालं?”

मी त्याला विचारलं, अशी किती कार्डं गेली. त्याने मशीनची यादी उघडली. एक्केचाळीस. महिन्याभरात एक्केचाळीस माणसांनी, कुणी रात्रपाळी करून, कुणी नातवाला शेजारी बसवून, त्या रिबिनीच्या बोखाली आपलं दुखणं लिहिलं होतं, आणि आम्ही ते फुलं लावून साभार परत केलं होतं. बाबांनी बूट अडवून धरले होते म्हणून त्यातले बरेचसे सुटले. त्यांना नुसती कार्डंच गेली, ‘तुमची ऑर्डर लवकरच’ असं छापलेल्या पाकिटात. खऱ्याखुऱ्या भेटी म्हणाल तर त्या यादीत एकही नव्हती.

“बदल,” मी म्हणाले.

“बदलतो. पण ऐक तरी. बाहेरून ऑर्डरी यायला लागल्यात, इंग्रजी काढलं तर—”

“काढू नकोस. त्यांच्यासाठी खाली पृथ्वी ठेव. त्यांना वाकता येतं.”

“ताई, हे भांडण भाषेचं नाहीये.”

“नाहीच आहे. एक बाई सांगत होती की मला कळणार नाही, म्हणून तुम्ही बघा. आणि तू बघितलं नाहीस. तू पान कसं दिसतं ते बघत होतास.”

मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्याने सेटिंग उघडली, यादीतून आपली भाषा निवडली, खालचं बटण दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि परत आलं. चौकोन जागेवर होता, जसा होता तसा, माझ्याच शब्दांसकट. फक्त मधल्या महिन्याची पानं त्यात रिकामी होती. एका बटणाने घालवलेलं दुसऱ्या बटणाने परत आलं असं वाटतं खरं, आणि म्हणूनच त्याला तो छोटासा बदल वाटतो. बाईंचा पाय त्या सेटिंगच्या यादीत कुठे नव्हता.

मी एक्केचाळीसही मजकूर साध्या कागदावर छापून घेतले आणि दुकानात आणले. भाऊ मागोमाग आला. मी वाचायला सुरुवात करणार तोच बाबा म्हणाले, “तू नको. तो वाचेल.”

भावाने वाचायला सुरुवात केली. पहिला कागद एकदा वाचून त्याने बाजूला ठेवला. बाबा म्हणाले, “परत.” त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस त्याने प्रत्येक कागद तीनदा वाचला, आणि प्रत्येक माणसाला फोन करून, चूक आमची आहे असं सांगून, त्यांच्याकडून पुन्हा ऐकून घेतलं. दोघातिघांनी त्याला चांगलंच सुनावलं. मी मशीनवरून उठले नाही. मला बरं वाटत होतं असं म्हणणार नाही, पण वाईटही वाटत नव्हतं. एक फोन मी स्वतःही केला नव्हता, हे मला त्या तीन दिवसांत एकदाही विसरता आलं नाही.

कंडक्टरबाईंचा नवा बूट बाबांनी आठ दिवसांत केला. अंगठ्याच्या जागी लोकरीच्या मऊ नमद्याची भर, वर एकसंध चामडं, शिवण पार बाहेरच्या कडेला. त्या बुटासाठी मी दोनदा उसवून पुन्हा शिवलं. बाई येऊन बसल्या, पातळ पट्टीवरूनच घातला, आरशासमोर चालल्या. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पायात काही घातलंय असं वाटत नाही.” त्यांनी बाबांना नमस्कार केला. माझ्याकडे आणि भावाकडे बघितलं नाही.

जखम भरायला मात्र अडीच महिने लागले.

परवा सकाळी चौकोनात त्यांचा मजकूर आला. आता रोजची पानं भाऊच वाचतो, बाबांनी तसं ठरवून टाकलंय. नवीन बूट मागवलेला नव्हता, मापांचे रकाने रिकामे होते, नुसता चौकोन भरला होता. भाऊ बाबांसमोर स्टुलावर बसला आणि त्याने वाचलं:

‘काका, बूट उत्तम आहे. कुठेही लागत नाही. डेपोत डॉक्टरने पाय तपासला आणि म्हणाला, आता बसवर नको. मला खिडकीवर बसवलंय, पासचे फॉर्म घेते. दिवसभर बसूनच असते. तुम्ही विचारता म्हणून लिहिते, आता दुखत नाही.’

भाऊ थांबला. बाबा म्हणाले, “परत.”

त्याने परत वाचलं. या वेळी ‘खिडकीवर’ पाशी त्याचा आवाज खाली गेला. संपवून त्याने कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी दाराआडून नक्कल करताना पकडला गेला की तो असाच माझ्याकडे बघायचा, आणि मी दर वेळी मध्ये पडून त्याला सोडवायची.

बाबा वाट बघत होते. हात अजून पुढे केलेला नव्हता.

मी मशीनमध्ये दोरा ओवला आणि मान खाली घातली. तिसऱ्यांदा त्यालाच वाचायचं होतं.